संसद आणि चित्रवाणी

जालन्याचा हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता. त्या राज्यात लोकांना जबाबदार असे विधिमंडळ नव्हते. कारभार कोण, कसा चालवितो, हे रयतेने विचारावयाचे नव्हते. अशा भागातील माणसाला १९५२ मध्ये मताचा हक्क मिळाला, तेव्हा ‘मी निवडून दिलेला माणूस दिल्लीत काय करतो?’ हा प्रश्नही त्याच्या हक्काचा झाला.

उत्तर मात्र दीर्घकाळ ऐकीवच राहिले. संसदेत प्रेक्षकसज्जा होती. पण परतूर-भोकरदनच्या शेतकऱ्याला दिल्ली दूरच. त्याची भिस्त वर्तमानपत्रांवर आणि आकाशवाणीवर. २० डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्रपतींचे संसदेपुढील अभिभाषण दूरदर्शनने प्रथमच थेट दाखविले. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने कॅमेरा आत घेतला, तोही त्याच्या आधी अवघा महिनाभर. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मात्र १९७९ मध्येच हे पाऊल टाकले होते.

पुढील वाटचालीत मराठवाड्याच्या एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दीत १९९२ चा अर्थसंकल्प थेट दिसला आणि १९९४ च्या डिसेंबरपासून प्रश्नोत्तराचा तासही. २००६ मध्ये, सोमनाथ चटर्जी अध्यक्ष असताना, लोकसभेची स्वतःची वाहिनी सुरू झाली. पुढे राज्यसभेनेही आपली वाहिनी काढली आणि २०२१ मध्ये दोन्ही मिळून ‘संसद टीव्ही’ झाली.

परंतु त्याच चाकूरकरांच्या काळात, १९९३ मध्ये, खात्यावार स्थायी समित्यांची पद्धतही रूढ झाली. खात्यांच्या मागण्या आणि विधेयके यांची बारकाईने छाननी या समित्या करतात. त्यांच्या बैठकी बंद दाराआड होतात. तेथे कॅमेरा नाही. याला कारणही आहे. पाहणारे कोणी नसले म्हणजे सभासद पक्षाचा आवेश बाजूला ठेवून बोलू शकतो. म्हणजे एकाच अध्यक्षाच्या कारकीर्दीत सभागृहाचे बोलणे उजेडात आले आणि पुष्कळसे काम पडद्याआड गेले!

शिवाय सभागृहातील कॅमेराही सभागृहाच्याच ताब्यात असतो. काय दाखवावे, हे तो चालविणारे ठरवितात. गोंधळ माजला की तो बहुधा अध्यक्षांच्या आसनाकडे वळतो. आणि आपण पाहिले जात आहोत हे कळले म्हणजे वक्ताही समोरच्या मंत्र्याऐवजी दूरच्या मतदाराला उद्देशून बोलू लागतो.

म्हणून चित्रवाणी निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. जे आजोबांना विचारताही येत नव्हते, ते नातू घरबसल्या पाहतो, ही लहान क्रांती नव्हे. मात्र पाहणे म्हणजे हिशेब घेणे नव्हे. आपल्या खासदाराचे भाषण ऐकावे; त्याने कोणते प्रश्न विचारले, तो कोणत्या समितीवर आहे आणि त्या समितीने सभागृहापुढे ठेवलेल्या अहवालात काय म्हटले आहे, हेही विचारावे. दार उघडले आहे. आत जाऊन हिशेब मागण्याचे काम मतदाराचेच आहे.