टेम्प्लेट : सर्व्हरवर भरला जाणारा साचा

* टेम्प्लेट म्हणजे येथे सर्व्हरवर माहिती भरून ब्राउझरकडे धाडला जाणारा एचटीएमएलचा साचा. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेल्या जेएसपी या टेम्प्लेट-पद्धतीत जावाचा कोड थेट पानातच लिहिता येई. मग मांडणी कुठे संपते आणि हिशेब कुठे सुरू होतो, हे लिहिणाऱ्यालाही उमगेनासे होई.

थाइमलीफ या जावासाठीच्या टेम्प्लेट इंजिनमध्ये ही सरमिसळ टळते. त्याच्या सूचना टॅगच्या आत 'टीएच:टेक्स्ट'सारख्या गुणधर्मांतून येतात. ब्राउझर अनोळखी गुणधर्माकडे काणाडोळा करतो. त्यामुळे सर्व्हर बंद असतानाही फाइल उघडून नमुन्याचा मजकूर पाहता येतो. सरावाला याहून सोयीचे काय हवे!

नवशिक्याची फसगत मात्र ठरलेली : 'टीएच:यूटेक्स्ट' वापरले, की वापरकर्त्याने टाकलेली स्क्रिप्टही जशीच्या तशी पानात उतरते. 'टीएच:टेक्स्ट' तीच स्क्रिप्ट नुसती अक्षरे म्हणून दाखवते. — संपादक