नळीतले छिद्र: एसएलआर रायफलची भारतीय कहाणी

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नामका चू, वालाँग आणि रेझांग ला येथे लढलेल्या भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ ली-एन्फील्ड होती. तिचा मूळ आराखडा पहिल्या महायुद्धाआधीचा. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुंगळी बाहेर पडू द्यायची, बोल्ट पुढे सारायचा आणि मगच पुन्हा चाप ओढायचा. समोरच्या चिनी सैन्याकडे मात्र सोव्हिएत धाटणीच्या स्वयंभरित आणि स्वयंचलित रायफली होत्या.

या पराभवाची चर्चा नेहरू, कृष्ण मेनन आणि जनरल कौल यांच्याभोवती फिरत राहते. ती योग्यच आहे. आजच्या थ्रेडमध्ये मात्र आपण एका पोलादी नळीकडे आणि तिच्यातल्या बारीक छिद्राकडे पाहणार आहोत.

स्वयंभरित रायफलचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे धावते. नळीला वाटेत एक छिद्र असते. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू छिद्रातून वर शिरतो, दट्ट्याला मागे ढकलतो आणि दट्ट्या बोल्ट उघडतो. पुंगळी बाहेर फेकली जाते व नवे काडतूस आत येते. जे काम जवानाचा हात करीत असे, ते आता वाया जाणारा वायू करतो.

खरी अडचण पुढे येते. गोळी छिद्र ओलांडून नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत जो निमिषमात्र अवधी मिळतो, तेवढाच वेळ वायूला पूर्ण जोर असतो. नळी आखूड केली तर रायफल सुटसुटीत होते, पण गोळीचा वेग घटतो. छिद्रापुढचा नळीचा भाग कमी झाल्यास वायूचा अवधीही आक्रसतो. छिद्र मोठे केले तर बोल्ट बेफाम वेगाने मागे आदळतो आणि रायफल स्वतःलाच झिजवते. वायू कमी पडला तर पुंगळी अर्धवट अडकते, आणि रणांगणावर अडकलेली पुंगळी म्हणजे हातात काठी असल्यासारखेच. नळी, छिद्र आणि काडतूस यांचा निर्णय म्हणूनच एकत्र घ्यावा लागतो.

बेल्जियमच्या एफएन कंपनीत दियुदोने सेव्ह यांनी ‘फाल’ रायफल घडवली, ती आधी मध्यम ताकदीच्या काडतुसासाठी. अमेरिकेच्या आग्रहामुळे नाटोने १९५४ मध्ये अधिक जोरकस ७.६२ × ५१ मिमी काडतूस स्वीकारले आणि फाललाही त्यानुसार बदलावे लागले. तिच्या ५३३ मिमी लांबीच्या नळीमागे असे आंतरराष्ट्रीय राजकारणही आहे. ब्रिटनने हीच रायफल एल१ए१ या नावाने घेतली.

भारताला हीच जातकुळी हवी होती. येथे कथा महाराष्ट्रात येते. नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना चांदणी चौकातून पाषाणकडे रस्ता फुटतो. त्या पाषाणला आज एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने परदेशी फाल रायफली सुट्या करून अभ्यासल्या आणि परवाना न घेता भारतीय आराखडा सिद्ध केला. हीच आपली ‘१ए१’, सर्वांच्या तोंडी ‘एसएलआर’. तिचे उत्पादन बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात झाले. तिच्या लाकडी दस्त्याला जुन्या ली-एन्फील्डच्या धाटणीची पट्टी आहे. मला हा तपशील फार बोलका वाटतो: नवी रायफल जुन्या कारखान्याच्या सवयी घेऊनच जन्मली.

दरम्यान ईशापूरने एक तात्पुरता मार्गही काढला. ‘२ए’ ही ली-एन्फील्डच, पण अधिक मजबूत पोलादाची आणि ७.६२ च्या नव्या काडतुसासाठी बनवलेली. बोल्ट मात्र हातानेच ओढायचा. काडतूस बदलले, वायूची यंत्रणा नाही.

एसएलआरचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा गॅस रेग्युलेटर. नळीवरच्या वायुकोठीभोवती फिरणारे एक कडे जादा वायू बाहेर सोडते. कडे जितके बंद, तितका दट्ट्याला जोर अधिक. राजस्थानची धूळ असो वा हिमालयात गोठून घट्ट झालेले तेल, जवान ते फिरवून वायूचे प्रमाण ठरवी. रायफल चालेल इतका वायू द्यायचा आणि वर थोडा राखीव, हा त्यामागचा विचार. पुढचा प्लग फिरवला की वायू पूर्ण बंद होई, मग नळीच्या टोकावरून ग्रेनेड डागता येई. १९७१ च्या युद्धात भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र हीच रायफल होती.

ही जुळणी किती नाजूक असते, हे त्याच सुमारास व्हिएतनाममध्ये दिसले. अमेरिकेच्या एम-१६ साठी सैन्याने काडतुसातील दारूचा प्रकार बदलला, पण छिद्रापाशी वायूचा दाब वाढतो याचा पुरेसा विचार केला नाही. बोल्टचा वेग वाढला, काजळी साचली, पुंगळ्या अडकल्या. काडतूसकोठीला क्रोमचा मुलामाही नव्हता. सैनिक मेले, आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना किंवा जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना, इतिहासात दुर्लक्षिलेली ही नावे म्हणून महत्त्वाची आहेत. रायफलची विश्वासार्हता निम्मी तिथे ठरते.

एआरडीईनेच पुढे इन्सास घडवली: ५.५६ मिमी काडतूस, ४६४ मिमी नळी, कलाश्निकोव्हच्या वळणाचा फिरता बोल्ट, पण वायूचा रेग्युलेटर फालच्या परंपरेतला. कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिक मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या आणि तिची कीर्ती डागाळली ती कायमची. वायुयंत्रणा जमली तरी शस्त्र दुसरीकडून दगा देऊ शकते.

हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी त्याच स्थानकात एके-४७ घेऊन आलेल्या दोन हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. नामका चूनंतर तब्बल ४६ वर्षांनी.

२०१९ मध्ये भारताने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार अमेरिकी कंपनीशी केला. काडतूस पुन्हा ७.६२ × ५१.