नमस्कारांची संख्या आणि हृदयाची गति

महाराष्ट्रांत व्यायाम मोजण्याची जुनी रीत संख्येची होती. इतके जोर, इतक्या बैठका, इतके नमस्कार. ते किती वेळांत घातले, आणि घालतांना हृदयाची गति कोठवर गेली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. स्त्रियांच्या बाबतींत तर एवढाही हिशेब नव्हता. जात्यावरचें दळण, विहिरीचें पाणी, नदीवरचें धुणें हाच त्यांचा व्यायाम, असें मानण्याचा प्रघात होता. आणि श्रावणांत मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा-फुगडी. ही फुगडी म्हणजे आजच्या शास्त्राच्या दृष्टीनें मोठी विचार करण्याजोगी वस्तु होय. अर्धें मिनिट सर्व शक्तीनें गरगर फिरावयाचें, मग हंसत दम खावयाचा, मग पुन्हां फिरावयाचें. तीव्र व्यायाम व विश्रांति यांची ही पाळीपाळीची योजना पुढें पाश्चात्य प्रयोगशाळांतून नव्या नांवानें पुढें आली.

स्त्रियांनींही नेमानें व्यायाम करावा, असें आग्रहानें सांगणाऱ्यांत औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं आधीं सँडोची पद्धति करून पाहिली व नंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार केला. संस्थानांतील शाळांतून त्यांनीं नमस्कार सुरू केले, आणि १९३८ सालीं लुईझ मॉर्गन या लेखिकेनें संपादिलेलें त्यांचें इंग्रजी पुस्तक विलायतेंतील वाचकांपुढें आलें. राजेसाहेबांची कामगिरी मोठी, यांत संशय नाहीं. परंतु त्यांचेंही माप मुख्यतः संख्येचेंच होतें.

वेगाचें माप आलें तें फिनलंडमधून. १९५७ सालीं कार्व्होनेन या शास्त्रज्ञानें मोजक्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना धांवण्याच्या पट्ट्यावर चालवून असें दाखविलें कीं, हृदयाची गति एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय हृदयाला शिक्षण मिळत नाहीं. त्यापूर्वीं, १९५३ सालीं, लंडनच्या मॉरिस यांनीं बसगाडीचे बसून राहणारे चालक आणि जिने चढणारे वाहक यांची तुलना केली होती. दोन्ही शोध पायाभूत खरे. पण विद्यार्थी पुरुष, चालक पुरुष, वाहकही पुरुष. या पायावर उभारलेले नियम पुढें स्त्रियांना तसेच लागू करण्यांत आले.

याचा परिणाम आंकड्यांतच पाहावा. हृदयाची कमाल गति काढण्याचा रूढ नियम २२० मधून वय वजा करण्याचा. चाळीस वर्षांच्या स्त्रीची कमाल गति त्या हिशेबानें मिनिटाला १८० ठोके येते. २०१० सालीं शिकागो येथें ५,००० हून अधिक स्त्रियांच्या तपासणीवरून मार्था गुलाटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नवें सूत्र दिलें: वयाला ०·८८ नें गुणून तें २०६ मधून वजा करावें. त्याप्रमाणें त्याच स्त्रीची कमाल गति १७१ च्या आसपास येते. मध्यम श्रम म्हणजे कमाल गतीच्या ६४ ते ७६ टक्के, असें धरलें तर जुन्या हिशेबानें ११५ ते १३७ ठोके होतात, नव्यानें १०९ ते १३०. म्हणजे जुन्या नियमाच्या वरच्या टोकाला जी स्त्री पोंचे, ती स्वतःला मध्यम श्रम करणारी समजे. प्रत्यक्षांत तिचें हृदय तीव्र श्रम करीत असे.

स्थूल स्त्रीच्या बाबतींत हा फरक नुसता पुस्तकी राहत नाहीं. शरीर वाढलें कीं त्याला पुरवावयाचें रक्तही वाढतें. हृदयाच्या डाव्या कप्प्यावरचा भार वर्षानुवर्षें वाढतो, त्याच्या भिंती जाड होतात आणि आकुंचनानंतर सैल पडण्याची त्यांची शक्ति मंदावते. हृदय भरतें तें दोन ठोक्यांमधील अवकाशांत. गति वाढली कीं हा अवकाश आंखूड होतो. ताठर झालेला कप्पा तेवढ्यांत पुरता भरत नाहीं, आणि फुप्फुसांकडील दाब वाढून धाप लागते. वाड्याचा जिना चढतांना लागणारा दम हा प्रत्येक वेळीं आळसाचा पुरावा नसतो, हें घरांतील मंडळींनीं ध्यानांत घेतलें पाहिजे. तिला नुसतें ‘चालत जा’ म्हणून हिणवणें जितकें निरुपयोगी, तितकेंच ‘तुला झेपणार नाहीं’ म्हणून बसवून ठेवणें अपायकारक.

मग श्रम किती तीव्र असावे? नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें विस्लॉफ यांनीं २००७ सालीं २७ हृद्रोग्यांवर प्रयोग केला. चार-चार मिनिटांच्या तीव्र चालीनें त्यांचें हृदय मध्यम चालीपेक्षां अधिक सुधारलें. पुढल्याच वर्षीं तेथेंच स्थूल स्त्रीपुरुषांवर प्रयोग झाला. प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति तीव्र व्यायामानें सुमारें ३३ टक्के, मध्यम व्यायामानें १६ टक्के वाढली. तेव्हां तीव्र व्यायामाचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१७ सालीं युरोपांतील अनेक केंद्रांनीं मिळून २६१ हृद्रोग्यांची पाहणी केली, तेव्हां हृदयाच्या आकारांत व शक्तींत तीव्र व्यायाम मध्यमाहून सरस ठरला नाहीं. त्या पाहणींत एक मौजेची गोष्ट उघड झाली: तीव्र श्रम नेमून दिलेल्यांपैकीं पुष्कळांनीं ठरल्यापेक्षां कमी श्रम केले, आणि मध्यम नेमलेल्यांपैकीं पुष्कळांनीं जास्त! माणूस शेवटीं स्वतःच्याच चालीनें चालतो.

सूर्यनमस्काराचीही हीच कथा. २०११ सालीं मोदी यांनीं सहा निरोगी भारतीयांकडून लागोपाठ फेऱ्या घालवून पाहिलें, तों दुसऱ्या फेरींत हृदयाची गति कमाल गतीच्या ८० टक्के, चौथींत ९० टक्क्यांवर गेली. तोच नमस्कार संथ घातला तर सौम्य ठरतो. त्याच वर्षीं सोलापुरांतील वैद्यकीय अध्यापकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत ३० स्त्रियांसह ७९ जणांनीं २४ आठवडे, आठवड्यांतून सहा दिवस, २४ नमस्कार घातले. बळ व दमसांस वाढला आणि स्त्रियांच्या अंगांतील चरबीचें प्रमाणही उतरलें. हृदयाच्या आंतील कार्याचें मापन हा त्याचा विषय नव्हता, आणि संख्या ठरली होती तरी गति हें माप नव्हतें.

ज्या गांवांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली आणि जेथें हजारों स्त्रिया दिवसभर एका बैठकीवर विड्या वळीत आल्या, तेथें हा विचार परका नाहीं. शुक्रवार पेठेंतील सुस्थितींतल्या घरांतून जातें केव्हांच गेलें, पाणी नळानें आलें आणि बाजारहाट दुचाकीवर होऊं लागला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं २४ टक्के प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. अशा स्त्रीला यंत्रावांचूनही आपली गति ओळखतां येते. सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं मैत्रिणीबरोबर चालतांना बोलतां येतें पण गातां येत नाहीं, तेव्हां श्रम मध्यम. दोनचार शब्दांतच थांबावें लागतें, तेव्हां तीव्र. पहिले कांहीं आठवडे पहिल्या चालीनें जावें, मग मधूनमधून एखाद्या मिनिटाची झपाट्याची चाल घ्यावी. छातींत दुखलें किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली तर तेथेंच थांबून डॉक्टरांस दाखवावें. आणि रक्तदाबाच्या ज्या कांहीं गोळ्या नाडीच मंद ठेवतात, त्या चालू असतील तर ठोक्यांचा हिशेब सोडून आपल्या दमावरच भिस्त ठेवावी.