बडोदा स्क्वाड्रनच्या विमानाचं झाकण

बडोद्याचा इतिहास म्हटला की लक्ष्मी विलास आणि कलाभवन हमखास येतं. ब्रिटिश हवाई दलातली १२४ क्रमांकाची 'बडोदा' स्क्वाड्रन मात्र फार कुणाला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात गायकवाडांनी विमानांसाठी देणगी दिली, म्हणून हे नाव. बोधचिन्हावर मुंगूस!

१९४२ मध्ये या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर मार्क ६ आलं, फार उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी बनवलेलं. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे माझा जीव अडकला तो वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणात, म्हणजे कॅनोपीत.

वारा झाकणाला खाली दाबत असेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. फुगवट्यावरून जाताना हवेचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो आणि आतली हवा झाकणाला बाहेर ढकलते. वादळात घरावरचे पत्रे उडतात ते असेच. मग झाकण चटकन उघडायला हवं ना? पण स्पिटफायरचं झाकण रुळांवरून मागे सरकायचं, आणि वर ओढलं गेलं की रुळांतच आवळून बसायचं. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट. सुरुवातीच्या विमानांत भर वेगात झाकण हलेना, तेव्हा डाव्या अंगाला ठोसा मारून पाडता येईल असा छोटा तुकडा ठेवला, आतबाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून.

मार्क ६ मध्ये तर केबिनमध्ये हवा भरलेली. ३७,००० फुटांवर आत २८,००० फुटांइतका दाब. फरक चौरस इंचाला फक्त २ पौंड. पण हिशेब करा: झाकण अर्धा चौरस मीटर धरलं तरी सुमारे ७०० किलोंचा रेटा! त्या विरळ हवेत ताशी ५५० किलोमीटरला वाऱ्याचा दाब याच्या एक तृतीयांशही भरत नाही. म्हणजे तिथे झाकणावर मुख्य जोर केबिनचाच.

बॉयलरच्या मॅनहोलचं झाकण आतून बसवतात. दाब वाढला की ते आणखी घट्ट बसतं. इथे आत माणूस बसलेला, ती सोय नाही. म्हणून मार्क ६ चं झाकण उड्डाणापूर्वी मेकॅनिक वरून बसवून पक्कं करत. हवेत ते सरकत नसे. संकटात अख्खंच उडवून द्यायचं. वैमानिकांना हे मुळीच आवडलं नाही, आणि मला त्यांचं पटतं. बाहेर पडायची वाट दुसऱ्याने बंद केलेली कुणाला आवडेल?

१९४३ मध्ये याच स्क्वाड्रनला मार्क ७ मिळालं. केबिन तशीच हवाबंद, पण झाकण पुन्हा सरकणारं.