लायपोसोम : एका संज्ञेचा आणि एका औषधवाहकाचा इतिहास

शास्त्रात एखाद्या वस्तूस नाव मिळते तेव्हा तिचे केवळ वर्णन होत नाही. तिच्याकडून कशाची अपेक्षा करावयाची, हेही पुष्कळदा त्या नावातून सूचित होते. ‘लायपोसोम’ या संज्ञेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पेशीपटलाची प्रतिकृती म्हणून अभ्यासिली गेलेली ही वस्तू तीन दशकांत कर्करोगावरील औषधाचे पात्र कशी झाली आणि त्या पात्राने नेमके काय साधले, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

इंग्लंडात केंब्रिजनजीक बेब्रॅहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम हे फॉस्फोलिपिड या वर्गातील मेदद्रव्यांचा अभ्यास करीत होते. या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाण्यापासून दूर सरते. त्यामुळे पाण्यात हे रेणू दुपदरी पटले रचतात आणि ती पटले मिटून त्यांचे बंद गोल बनतात. आर. डब्ल्यू. हॉर्न यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली त्यांची चित्रे १९६४ साली प्रसिद्ध झाली. हे गोल आयनांना आत अडवून धरतात, हे पुढील वर्षी दाखविण्यात आले. या रचनेस आरंभी ‘बहुपटली स्मेक्टिक मध्यावस्था’ अशा अर्थाचे नाव होते. ते द्रव्याच्या अवस्थेचे नाव होते, वस्तूचे नव्हे. १९६८ मध्ये जेराल्ड वाइसमन यांनी पुरस्कारिलेली ‘लायपोसोम’ ही संज्ञा रूढ झाली. ग्रीक ‘लिपोस’ म्हणजे मेद, ‘सोमा’ म्हणजे देह. अवस्थेस जणू देह मिळाला. आणि देह म्हटला की त्याला आत व बाहेर हे आलेच.

जे आत आयन धरते ते औषधही धरील, हा विचार मग दूर नव्हता. १९७१ मध्ये लंडन येथे ग्रेगरी ग्रेगोरिआडिस व ब्रेंडा रायमन यांनी लायपोसोमात विकर भरून ते उंदरांच्या शरीरात सोडले. कर्करोगाच्या उपचारात या वाहकाचा उपयोग व्हावा, ही कल्पना १९७४ पर्यंत ‘द लॅन्सेट’मधून मांडली गेली होती. तथापि यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी या गोलांना रक्तातून झपाट्याने उचलून घेत. डॉक्सोरुबिसिन हे प्रभावी, परंतु हृदयास अपायकारक असे औषध. ते लायपोसोमातून देण्याचा जेरुसलेम येथील हदासा रुग्णालयातील पहिला प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात याच कारणाने, आणि औषध वाटेतच गळत असल्याने, फसला.

येखेज्केल बारेनहोल्झ व अल्बर्टो गॅबिझोन यांनी त्यातून मार्ग काढला. अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध आत ओढून घेऊन स्फटिकरूपाने कोंडण्यात आले. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढविल्याने भक्षक पेशींची नजर चुकविता आली. अशा रीतीने सिद्ध झालेल्या ‘डॉक्सिल’ला १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती एड्सग्रस्तांतील कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी.

आता साध्याचा हिशेब पाहू. स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या ५०९ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साधे डॉक्सोरुबिसिन व त्याचे लायपोसोमी रूप यांनी रोग जवळजवळ सारख्याच काळ रोखून धरला. हृदयाची हानी मात्र लायपोसोमी रूपात पुष्कळच कमी आढळली. उलट तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्याचा त्रास ४८ टक्के रुग्णांना झाला. साध्या औषधाने तो २ टक्क्यांनाच झाला होता. २०१६ मधील एका समीक्षेने मागील दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग तपासले, तेव्हा नाना प्रकारच्या सूक्ष्मकणवाहकांपैकी अर्बुदापर्यंत पोचणाऱ्या अंशाचे मध्यमान अवघे ०.७ टक्का भरले.

यावरून लायपोसोम निष्फळ ठरतो, असे नव्हे. ज्याचे हृदय वाचले त्या रुग्णास तो लाभ अल्प नाही. मात्र ‘लक्ष्यवेधी’ हे विशेषण या औषधास सरसकट लावणे इतिहासास धरून होणार नाही. डॉक्सिलचे यश नेम धरण्यात नव्हते. ते औषध कोंडून ठेवण्यात आणि हृदयापासून दूर राखण्यात होते. तो बाण नव्हे, कुपी होय. रुग्णास उपचाराची ओळख करून देणाऱ्याने शब्द निवडताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. कारण रुग्णाची आशा त्या शब्दावरच उभी राहते.