पिळाच्या पन्हळीची कुळकथा

मिलिंग मशीनच्या मेजावर बसविलेले, वस्तूला धरून तिच्या परिघाचे समभाग पाडणारे डिव्हायडिंग हेड आणि त्या मेजाला पुढे सरकविणारे मळसूत्र यांच्यामध्ये दंतचक्रांची जी लहानशी माळ कधीकधी जोडलेली दिसते, ती प्रथम पाहणारास मागाहून केलेली एखादी जुजबी तजवीज वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पना, माझ्या मते, त्या माळेतच आहे.

वर्तुळाचे समभाग पाडण्याची विद्या तशी जुनी. चाकांचे दाते कापताना घड्याळजी छिद्रांच्या तबकडीचा आधार घेत. आणि लंडनच्या जेसी रॅम्स्डेनने 1775 च्या सुमारास सिद्ध केलेल्या विभाजनयंत्रात तर 2160 दात्यांचे चक्र मळसूत्राने असे फिरविले होते की, मळसूत्राच्या एका फेऱ्यात ते नेमके दहा कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग, सरकावे. मात्र या साधनांत वस्तू एका स्थानी आणून थांबवावयाची, तेथे रेघ अथवा खाच पाडावयाची आणि मग तिला पुढील स्थानी न्यावयाची, असाच क्रम असे. कापणी चालू असतानाच वस्तूनेही फिरत राहावे, ही गरज विभाजनाच्या या साधनांपुढे अद्याप उत्पन्न झालेली नव्हती.

ती उत्पन्न केली अमेरिकेतील यादवी युद्धाने. 1861 साली ऱ्होड आयलंड प्रांतातील प्रॉव्हिडन्स शहरी, प्रॉव्हिडन्स टूल कंपनीच्या कारखान्यात सरकारी मक्त्याच्या बंदुका तयार होत होत्या. बंदुकीच्या घोड्याचा आघात ज्या बोंडीवरील टोपीवर होतो, त्या बोंडीला बारीक छिद्र पाडण्यासाठी पिळाची ड्रिले लागत, आणि त्या ड्रिलांच्या पन्हळी कारागीर पोलादी तारेवर गोल कानशीने, हाताने, घासून काढीत. कारखान्याचे व्यवस्थापक फ्रेडरिक हाउ यांना या कामातील कालापव्यय असह्य होऊन त्यांनी ही अडचण जोसेफ ब्राउन यांच्यापुढे मांडली. घड्याळे व मापनसाधने घडविण्यात ब्राउन यांचा हात बसलेला होता. मागणी एका ड्रिलापुरती होती. त्यांनी योजिले ते मात्र कोणताही पीळ कापू शकेल असे युनिव्हर्सल मिलिंग मशीन, आणि त्यांपैकी पहिले यंत्र मार्च 1862 मध्ये त्याच कारखान्यास विकले गेले.

त्यातील युक्ती पुढे रूढ झालेल्या मापांनी सांगतो. हेडमध्ये वस्तूला फिरविणारा मळसूत्रासारखा वर्म असतो; त्याचे चाळीस फेरे झाले म्हणजे वस्तूचा एक फेरा होतो. मेजाच्या मळसूत्राला इंचास चार आटे असल्यास त्याच्या चाळीस फेऱ्यांत मेज दहा इंच सरकते. म्हणून दोहोंमध्ये समान दात्यांची चक्रे जोडली, तर दहा इंचांत एक पूर्ण वेढा घेणारा पीळ मिळतो. पंधरा इंचांचा हवा असेल, तर मळसूत्रावर अठ्ठेचाळीस आणि वर्मकडे बहात्तर दात्यांचे चक्र चढवावे. मेजही पिळाच्या कोनाइतके तिरपे वळवावे लागते, नाहीतर कटर पन्हळीच्या कडा खाऊन टाकतो.

परंतु सर्वांत सुंदर भाग हेडवरील छिद्रांच्या तबकडीचा आहे. साध्या विभाजनात ती खिळीने जखडलेली असते. पीळ कापताना ती खिळी काढून घेतात, आणि मेज यांत्रिक शक्तीने चालू लागताच तबकडी माळेच्या गतीने फिरते, व तिच्या छिद्रात बसलेली, वर्म हाताने फिरविण्याच्या दांड्याची पिन वर्मला आपल्याबरोबर फिरविते. एक पन्हळ पुरी झाली, मेज मागे आणले, की पिन उचलून हवी तितकी छिद्रे मोजावीत व पुन्हा बसवावी. अशा रीतीने फिरणे आणि विभागणे ही दोन कामे एकाच अक्षावर, परस्परांस बाधा न आणता, नांदतात.

या जोडणीला मर्यादाही आहे. पीळ फार आखूड असेल, तर संथ फिरणाऱ्या मळसूत्राला वर्म वेगाने फिरवावा लागतो आणि सारा ताण दंतचक्रांच्या दात्यांवर येतो. अशा वेळी जाणता कारागीर मेजाची यांत्रिक चाल बंद करून हेडचा दांडा स्वतःच्या हाताने सावकाश फिरवितो, आणि मेजच त्या दांड्यामागून सरकत जाते.