यमूच्या आवाजात

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी कथा मागितली आणि मी उत्साहानं ‘हो’ म्हणून बसलो. विषय तयार होता. माझ्या आजीची एक आत्या बालविधवा होती. केशवपन, लाल अलवण आणि उभा जन्म स्वयंपाकघरात. आजी एवढंच सांगायची, "ती कधी काही बोलली नाही रे." तिलाच बोलतं करायचं ठरवलं. चार शनिवार-रविवार लॅपटॉपसमोर बसलो. पण प्रत्येक वाक्यात ती कमी आणि चाळिशीतला हा आयटीवालाच जास्त बोलत होता, तोही भाषणाच्या सुरात!

मग हरिभाऊ आपटे पुन्हा वाचायला घेतले. पुण्यात शिकत असताना अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जायचो. जवळच्या आनंदाश्रमाचा कारभार एके काळी हरिभाऊ पाहत, हे तेव्हा ठाऊकही नव्हतं.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. १८९० साली, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः लिहिली. १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. मधल्या काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं आणि पुणं त्या वादानं ढवळून निघालं. अशा वेळी सुधारणेच्या बाजूनं लेख लिहिणं सोपं होतं. हरिभाऊंनी मात्र यमूला तिची कहाणी स्वतः सांगू दिली. बालपण, लग्न, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि सक्तीचं केशवपन. सगळं तिच्या घरगुती बोलीत.

आमच्या धंद्यात चूक राहिली तर पुढच्या रिलीजमध्ये सुधारता येते. साप्ताहिकात मात्र प्रकरण छापून गेलं की गेलं. हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळ आहे, असं समीक्षक म्हणतात, ते खोटं नाही. पण त्या बारीकसारीक तपशिलांमुळेच यमू आपल्या घरातली होते, आणि पुढचा घाव आपल्याला बसतो. तिच्या नशिबी काय आहे हे ठाऊक असताना तिच्या हसण्याखेळण्याची पानं लिहायची, याला केवढं काळीज लागत असेल!

तिथे माझी चूक कळली. आजीच्या आत्याचं दुःख मला माहीत होतं. पण तिला कशाचं हसू यायचं, काय खायला आवडायचं, कुणावर तिचा जीव होता, हे मी आजीला कधी विचारलंच नाही. आजी २०११ साली गेली.

म्हणून यंदा कथेऐवजी हा लेख. मंडळी, तुमच्या घरी अजून विचारता येईल असं कुणी असेल, तर या रविवारच्या फोनवर तब्येतीच्या चौकशीनंतर लगेच फोन ठेवू नका. एवढं जरूर विचारा.